सोन्याला धूळ म्हणत नाहीत

३ नोव्हेंबर, बुद्ध संवत २५६७. सकाळी.

नवी वही. आजपासून रोज लिहायचं. कुणी वाचावं म्हणून नाही, मनाच्या शुद्धीसाठी. पुढच्या वर्षी पन्नास पूर्ण होतील. निश्चय असे: रोज पहाटे ध्यान, रोज दहा इंग्रजी शब्द आणि अहंकाराचा त्याग. अहंकार सोडणं सगळ्यात सोपं जाईल, कारण मुळात फारसा नाही.

चियांग माईच्या आमच्या संस्थेतल्या स्वच्छ खोलीचा ताबा माझ्याकडे आहे. त्या खोलीत काजवा तयार होतोय. काजवा म्हणजे आमचा उपग्रह. चिकट भाताच्या दोन टोपल्या एकीवर एक ठेवल्या, की जेवढं होईल तेवढाच. वर जाऊन त्याने एकाच ताऱ्याकडे बघत बसायचं. ताऱ्यापुढून त्याचा एखादा ग्रह सरकला तर उजेड कणभर कमी होतो. तेवढं कमी होणं काजव्याने पकडायचं. दिव्यापुढून चिलट गेल्यासारखं, असं मिंट म्हणते. मिंट आमची इंजिनियर, काजव्याचे सगळे आकडे तिच्याकडे. मोठ्या दुर्बिणींना शंभर कामं, एकाच ताऱ्यापाशी महिनोन्महिने बसून राहायला त्यांना सवड नाही. आमच्या डब्याला दुसरं काम नाही. यालाच एकाग्रता म्हणतात.

खोलीत धुळीचा एक कण येऊ द्यायचा नाही, हे माझं काम. उद्या ग्रह सापडला तर खरा कुणामुळे सापडला, हे सांगायची गरज नाही. मी सांगणारही नाही.

५ नोव्हेंबर

ध्यान झालं नाही. गुडघा. इंग्रजी शब्द: कंटॅमिनेशन. एकच झाला, पण लांबीने दहांच्या बरोबरीचा आहे.

९ नोव्हेंबर

मीटिंग. आचान पिमोन बोलल्या. त्या प्रकल्पाच्या प्रमुख, परदेशात शिकलेल्या, आम्ही सगळे त्यांना आचान म्हणतो, म्हणजे गुरुजी. म्हणाल्या, संस्थेची नवी गाडी आली तेव्हा भन्तेंनी तिला चंदनाचे टिळे लावले, माळा घातल्या, माझी हरकत नव्हती. पण काजवा ही गाडी नाही. ताईत नाही, टिळा नाही, दोरा नाही. एका बोटाचा ठसा उमटला तरी ग्रह दिसायचा नाही. हे सगळं माझ्याकडे बघून बोलल्या. खोलीत सर्वांत जबाबदार मीच, म्हणून असेल.

घरी बायकोला, चानफोंगला सांगितलं. ती चटणी कुटत होती. मुसळ थांबवून म्हणाली, बिनपूजेचा पाठवणार? आपल्या स्कूटरला भन्तेंचा हात लागलाय, म्हणून तुझ्यासारख्या माणसाने चालवूनही ती धड आहे. आणि तुम्ही एवढं मोठं यंत्र आभाळात उघड्या कपाळाने सोडणार? पडलं की बस मग इंग्रजी शब्द पाठ करत.

अडाणी बोलणं. लक्ष दिलं नाही.

१२ नोव्हेंबर

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी विहारात गेलो. भन्तेंना विचारलं, एखाद्या वस्तूला आशीर्वाद हवा असेल आणि वस्तू विहारात आणता येत नसेल तर? भन्ते म्हणाले, घरात बसवलेला एसी आहे का? मी म्हटलं, उपग्रह. ते उठून पेटीपाशी गेले. मग सोन्याचा एक वर्ख दिला, मूर्तीला लावतो तसला, बोटाच्या पेराएवढा, मंत्र म्हणून. म्हणाले, बाहेरच्या अंगाला लाव. ट्रकवाल्यांनासुद्धा मी हेच सांगतो, काचेवर लावू नका, ड्रायव्हरला रस्ता दिसायला हवा.

भन्ते फार थोर. पण काजव्यात ड्रायव्हर नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

१४ नोव्हेंबर. दुपारी.

पुण्यकर्म पार पडलं.

सगळे जेवायला गेले होते. मी पांढरा सूट, टोपी, मास्क, हातमोजे, सगळं नियमाप्रमाणे घातलं. नियम मोडून पुण्य करणाऱ्यांतला मी नाही. विचार असा केला: बघायचं काम डोळ्याचं, तर आशीर्वादही डोळ्यालाच हवा. भिंगाची बाजू दाराकडे असते, हे पाठ आहे. दारातच डोळे मिटले, पावलं मोजत गेलो, हात जोडले, आईचं स्मरण केलं, वर्ख टेकवला आणि बोटाने हलकेच घासला. गार, गुळगुळीत लागलं. डोळे शेवटपर्यंत उघडले नाहीत. उघडले असते तर कसा दिसतोय हे बघितलं असतं, आणि बघणं म्हणजे अहंकार.

दारावर मीच पाटी लावलेली आहे: ‘धुळीचा एक कणही आत नेऊ नये.’ बाहेर पडताना ती वाचली. मन निर्मळ होतं. सोन्याला धूळ म्हणत नाहीत.

२१ नोव्हेंबर

काजवा पेटीत बंद होऊन परदेशी रवाना. तिथून रॉकेट. आचान आणि मिंट सोबत गेल्या. मला विमानतळापर्यंत नेलं. पेटी उचलताना सगळ्यांना सांगत होतो, सावकाश, सावकाश. मिंट म्हणाली, काका, तुम्ही पेटीच्या वाटेतच उभे आहात.

८ डिसेंबर

दोघी परतल्या. काजवा आता रॉकेटच्या पोटात. भिंगावर धूळ बसू नये म्हणून एक लाल टोपी असते, ती शेवटच्या क्षणी काढतात. मिंटने ती टोपी पिशवीतून मला आणून दिली. म्हणाली, काका, ही तुम्हीच जपून ठेवा. देताना सारखी हसत होती. प्रवासाने डोकं शिणलं असेल. पिशवी न उघडता कपाटात ठेवली, चहाच्या डब्यामागे.

आचान फार थकलेल्या. टोपीच्या पिशवीकडे बघितलंही नाही.

१८ जानेवारी, २५६८

उड्डाण झालं. काजवा कक्षेत. फाटकाजवळच्या रखवालदार देवाच्या देवळीपुढे मी नवस बोललो: ग्रह सापडू दे, शंभर उकडलेली अंडी वाहीन. चानफोंग म्हणाली, पन्नास म्हणायचं होतंस, अंडी सोलायची कुणी? श्रद्धेत घासाघीस करायची नसते, हे तिला समजावून सांगितलं. ध्यानाचा निश्चय उद्यापासून नव्याने.

१६ फेब्रुवारी

काजवा आपल्या ताऱ्याकडे बघायला लागला. मिंटच्या पडद्यावर एक सरळ रेघ. ताऱ्याचा उजेड म्हणजे ती रेघ. मी विचारलं, ग्रह कुठे आहे? ती म्हणाली, रेघ खाली वाकली की. मी अर्धा तास रेघेकडे बघत बसलो. एकाग्रता चांगली साधली. मग मिंट म्हणाली, काका, हा कालचा स्क्रीनशॉट आहे.

५ मार्च

शेतं जाळायचा हंगाम. सगळीकडे धूर, समोरचा डोंगर गायब. चियांग माईत श्वास घेण्याजोगी हवा आता फक्त माझ्या खोलीत. काजवा गेल्यापासून खोली रिकामीच असते, म्हणून तिथे ध्यानाला बसायला लागलो. प्रगती वेगाने होतेय. आज इतका खोल गेलो, की पहारेकऱ्याला खांदा धरून हलवावं लागलं. तो म्हणतो, मी घोरत होतो. अज्ञानी माणसाला समाधी आणि झोप सारखीच दिसते.

वाईट बातमीही आहे. बँकॉकहून समिती येणार, मे महिन्यात. दुसरा उपग्रह करायचा की नाही ते ठरवायला. नाही म्हणाली तर प्रकल्प बंद, आणि माझी खोली शेतकी विभागाकडे. त्यांना तिथे अळिंबी वाढवायची आहेत. मी वीस वर्षं जिथे कण येऊ दिला नाही, तिथे बुरशी.

ग्रह सापडलाच पाहिजे.

१४ मार्च

सापडला!

दहा तारखेला रेघ वाकली होती. आज परत वाकली, अगदी तशीच. मिंट खुर्चीवर उभी राहिली. आचानही आल्या. म्हणाल्या, दोनदा म्हणजे काही नाही, तिसऱ्यांदा बघू. पण जेवायला न जाता पडद्यापुढेच बसून राहिल्या.

मी बाहेर जाऊन आकाशाकडे बघून हात जोडले. धुरामुळे आकाश दिसलं नाही. नुसत्या धुरालाच हात जोडले.

१८ मार्च

तिसऱ्यांदा! दर चार दिवसांनी. म्हणजे त्या ग्रहावर चार दिवसांचं वर्ष. माझं तिथलं वय किती होईल, ते काढून बघितलं. तिथल्या मानाने मी फार पोचलेला माणूस आहे.

मिंटला विचारलं, नाव काय ठेवणार? ती आकड्यांत बुडालेली. म्हणाली, ठेवू की काका तुमच्या गावाचंच. झालं तर मग. इंजिनियरचा शब्द आहे.

१९ मार्च

मेव्हण्याला फोन केला. खाम आमच्या हुआय फाक गावाचा मुखिया. शेजारचं पा साक गाव डुकराच्या कुरकुरीत सालपटांपायी टीव्हीवर आलंय. आमचं गाव आजवर कशासाठीच कुठे आलं नाही, बसच्या पाटीवरसुद्धा नाही. सांगितलं, एका ग्रहाला आपल्या गावाचं नाव. खाम म्हणाला, दाजी, शुद्धीत आहेस ना? मग म्हणाला, त्या ग्रहावर जमीन आपल्या नावावर होईल का? मग म्हणाला, पा साकवाल्यांना कळवलंस का? नको, मीच जातो सांगायला.

फोन ठेवल्यावर जाणवलं, अहंकार पूर्ण गेला आहे. आत नुसता आनंद. इतका अहंकार गेलेला माणूस अख्ख्या संस्थेत दुसरा नसेल.

३ एप्रिल

ग्रह रेल्वेच्या टाइमटेबलप्रमाणे येतोय. आमच्या रेल्वेच्या नाही, एखाद्या शिस्तीच्या देशातल्या. आचान मात्र विचारात. म्हणतात, इतकं नेमकं? दर वेळी त्याच सकाळी, आपण काजव्याकडून माहिती खाली उतरवून घेतो तेव्हाच? मी म्हटलं, आचान, शुभ गोष्टीला शंका विचारू नये. त्या म्हणाल्या, इनदादा, मला पगारच शंका विचारायचा मिळतो.

सुशिक्षितांचं हेच दुःख.

१३ एप्रिल. सोंगक्रान.

जुन्या रितीचं नवं वर्ष, पाण्याचा सण. गावी आलो. वेशीवर खामने कमान उभारली आहे: ‘ग्रह-ग्राम हुआय फाक आपलं स्वागत करत आहे.’ वर एक गोल काढलाय, त्याला डोळे आणि मिशी. मिशी थोडी माझ्यासारखी. मी म्हटलं, ग्रहाला मिशी नसते. खाम म्हणाला, तू बघितलायस? मी म्हटलं, रेघ बघितली आहे. तो म्हणाला, मग गप.

पोरांनी बादल्यांनी भिजवलं. म्हाताऱ्यांच्या हातांवर सुवासिक पाणी घातलं. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, तुझ्या ग्रहावर पाणी आहे का रे बाबा? म्हटलं, असणार. म्हणाल्या, मग तिथेही आज भिजत असतील.

मला रडू आलं. पाण्यात कुणाला कळलं नाही.

१५ एप्रिल

घात झाला. ग्रहाचा आजचा दिवस. सुट्टी असल्याने माहिती उतरवायचं केंद्र बंद, पण मिंटच्या फोनवर थोडे आकडे येतात. तिला गावातून तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी म्हणाली, काका, मी पिकअपच्या मागे बादली घेऊन उभी आहे. रेघ सरळ आहे. काहीही वाकलेलं नाही. ठेवते.

कमानीखालून मान खाली घालून गेलो. चानफोंग म्हणाली, येईल रे. सणाचं कुणी वेळेवर येतं का?

१७ एप्रिल. संध्याकाळ.

आला! दोन दिवस उशिरा आला!

सुट्टी संपली, सगळे कामावर आले, केंद्र सुरू झालं, काजव्याची माहिती उतरवायला घेतली आणि रेघ वाकली. ग्रहानेही सोंगक्रान पाळला! आजवर कुठल्या ग्रहाने कुठला सण पाळल्याचं ऐकिवात नाही. हे मी जोरात बोलून दाखवलं. मिंटने कॉफीचा कप खाली ठेवला आणि आचानकडे बघितलं. आचान खिडकीकडे बघत होत्या. दोघींचे चेहरे पांढरे फटक. हर्षाने माणूस असाही होतो.

अंडी उकडून देवळीपुढे ठेवली. नवस फेडायला उशीर नको. चानफोंग म्हणाली, आधी खात्री तर कर. म्हटलं, ज्या ग्रहाला सण कळतो त्याची काय खात्री करायची? वाहिलेली अंडी प्रसाद म्हणून घरी आणली. आज अंड्यांची आमटी.

१९ एप्रिल

अंड्यांची आमटी.

२३ एप्रिल

चमत्कारावर चमत्कार. मिंट म्हणाली, आज एक प्रयोग. वेळ नसताना मुद्दाम काजव्याचा मोठा ट्रान्समीटर सुरू केला. तासाभरात रेघ वाकली. बंद केला, सरळ. सुरू केला, वाकली. म्हणजे ग्रह बोलावला की येतो! जगातल्या कुठल्या वेधशाळेकडे असा आज्ञाधारक ग्रह आहे? मी हे म्हटल्यावर मिंटने कपाळ टेबलावर टेकवलं आणि टेकवलेल्या कपाळानेच म्हणाली, काका, ट्रान्समीटर तापतो, त्याने भिंगाची नळी तापते, आणि भिंगापुढे काहीतरी लोंबतंय ते हलून आडवं येतं. ग्रह नाही. आपलंच काहीतरी आहे.

तरुण पिढी लवकर खचते.

२५ एप्रिल

काजव्याला मुद्दाम सूर्याच्या जवळच्या दिशेला वळवून एक फोटो काढला. कोपऱ्यात एक पिवळी चमक. मिंटने मोठी करून दाखवली. आचान म्हणाल्या, सोनेरी आहे. मग कुणाकडेच न बघता, स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं, आत सोनं कुणी नेलं?

मी छताकडे बघितलं. छत स्वच्छ होतं. कण नव्हता.

काजव्यावर सोनेरी रंगाचं गुंडाळण असतं, त्याचाच तुकडा असेल. हे मी पुढे होऊन सांगितलं. मिंट म्हणाली, ते बाहेरून असतं काका. मी म्हटलं, वर गेल्यावर आत आणि बाहेर असा भेद राहत नाही. हे भन्तेंचं वाक्य आहे, वेगळ्या संदर्भातलं.

२६ एप्रिल

ध्यान नाही. झोप नाही. अंडी संपली.

चानफोंग ताट ठेवता ठेवता म्हणाली, तूच लावलास ना? म्हटलं, काय? म्हणाली, तुझं तोंडच सांगतंय. आपला पाळीव कुत्रा चप्पल खाऊन असाच बसतो. मी म्हटलं, बिनपूजेचा पाठवू नका, हे कोण म्हणालं होतं? ती म्हणाली, पूजा कर म्हटलं होतं. डोळ्यात बोट घाल म्हटलं नव्हतं.

२८ एप्रिल

नीट विचार केल्यावर प्रकरण वेगळंच दिसतं. समितीपुढे ग्रह नाही, हे खरं. अळिंबी येतील, हेही खरं. पण पृथ्वीच्या इतिहासात आकाशात वर्ख वाहणारा पहिला उपासक कोण? लोक जमिनीवरच्या मूर्तीला वर्ख लावतात. मी ताऱ्याला लावला. त्या वर्खाने अख्खा तारा झाकला, चार दिवसांनी एकदा. हे पाप म्हणायचं की काय म्हणायचं, ते पुढच्या पिढ्या ठरवतील.

आचानकडे जाऊन सगळं सांगायचं. शांतपणे, ताठ मानेने. जे होईल ते होवो. गावच्या कमानीवर दुरुस्ती सुचवीन: ‘सुवर्ण-उपासक इनकेव यांचं गाव.’ मिशी तशीच ठेवता येईल.

३० एप्रिल. दुपारी.

सांगितलं.

आचान एकट्या होत्या. मी उभ्याने बोललो. वर्ख, मंत्र, मिटलेले डोळे, आई, सगळं. शेवटी म्हटलं, आचान, तो तारा माझ्यामुळे अंधारला. खोली घ्या, मला घ्या, अळिंबी लावा. वाक्य घरी बसवलं होतं, नीट जमलं.

आचान ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, इनदादा, ती लाल टोपी कुठे आहे? म्हटलं, चहाच्या डब्यामागे. म्हणाल्या, आणा.

आणली. पिशवी उघडली. टोपीच्या मधोमध माझा वर्ख. अख्खा. कोपरासुद्धा दुमडलेला नाही. वर माझ्या बोटाची पुसट रेघ.

आचान म्हणाल्या, तुम्ही डोळे मिटले होते ना? त्या दिवशी भिंगावर टोपी होती. भिंगाला तुमचा हातही लागला नाही. आम्ही तिथे पेटी उघडली तेव्हाच दिसलं. मिंटने फोटो काढला, सगळ्यांना पाठवला. तुम्हाला सोडून.

मी खुर्चीत बसलो. म्हणजे माझं सोनं वर गेलंच नाही. विमानाने गेलं आणि विमानाने परत आलं. मग वर लोंबतंय ते काय?

आचानने उठून दार लावलं. परत येऊन बसल्या, आणि टोपी हातात घेऊन तिच्याशीच बोलल्यासारख्या बोलायला लागल्या. म्हणाल्या, टोपी काढायचं काम माझं होतं. काढली. हातात आली ती तुमच्या वर्खासकट. म्हणजे काजव्याचा आशीर्वाद मी माझ्या हाताने उतरवून ठेवला. मिंट कागदांवर सह्या घ्यायला गेली होती. आठ वर्षं लागली हो काजव्याला. मला कशाचीच भीती नव्हती, ती एकदम वाटायला लागली. माझ्या पाकिटात आईने दिलेला एक वर्ख होता. नळीच्या तोंडाशी, आतल्या कडेला, अगदी कोपऱ्यात लावला. घट्ट दाबला होता. मला वाटलं, राहील.

त्या रडत होत्या. मग हसायला लागल्या. मग मलाही हसू आलं. दोघांनी चहा घेतला, कपाट उघडंच होतं म्हणून.

जाताना म्हणाल्या, समितीला मी सांगेन. तुम्ही काही बोलू नका. आणि टोपी घेऊन जा, मला बघवत नाही.

वाटेत मनाची समजूत काढली. माझा वर्ख दिसला नसता तर त्यांनी त्यांचा लावला नसता. म्हणजे तत्त्वतः ग्रह माझाच.

९ मे

समिती आली. मी दाराबाहेर उभा. आचानने सगळं सांगितलं, फोटोसकट. मग अध्यक्षांनी विचारलं, वर्ख कुठल्या विहारातला? इतके महिने टिकला म्हणजे चांगला दिसतोय. मग म्हणाले, एका वर्खाची सावली जो डबा इतकी नेमकी पकडतो, त्याला खरा ग्रह दिसायला काय हरकत आहे? दुसरा करा.

दुसरा उपग्रह मंजूर. अळिंबी दुसरीकडे.

चुकीबद्दल आचानचं नाव लिहिलं गेलं, कोडं सोडवल्याबद्दल मिंटचं. माझं कुठेच नाही. चुकीतसुद्धा नाही.

१४ मे

गावी फोन केला. खामला म्हटलं, ग्रह नव्हता रे, कमान उतरव. खाम म्हणाला, का? पाटी चांगली आहे, रंग पक्का आहे. पा साकवाले येऊन फोटो काढून गेले. दाजी, वर जाऊन कोण बघणार आहे? मी म्हटलं, मग निदान काजव्याची लाल टोपी तरी ठेव गावच्या सभागृहात, काचेच्या पेटीत. त्याने विचारलं, ती वर गेली होती? म्हटलं, नाही, विमानाने जाऊन आली. तो म्हणाला, विमानाने तर मीही जाऊन आलोय.

२ जून

खोलीत काम सुरू. आचानचा नवा नियम: भन्ते येऊन पेटीला बाहेरून आशीर्वाद देतील, सगळ्यांसमोर. आत जाताना मात्र प्रत्येकाने जवळचं सगळं दाराशी काढून ठेवायचं. त्यासाठी ताट घेऊन उभं राहायचं काम माझ्याकडे. आज पहिला दिवस. मिंटचे तीन ताईत, प्रोग्रॅमरचा कमरेचा दोरा, बँकॉकच्या पाहुण्यांचं गळ्यातलं वाघनख, कुणाच्या पाकिटातला वर्ख. ताट जड झालं. सगळे आत गेले. मी बाहेर.

अहंकार आता खरंच गेला असावा. शोधला, सापडला नाही. सापडला नाही याचा थोडा अभिमान वाटला.

टोपी घरी आणली होती, देवघरात ठेवायची म्हणून. सकाळी बघतो तर चानफोंगने ती चटणीच्या बरणीवर बसवली आहे. म्हटलं, अगं, वर वर्ख आहे. म्हणाली, असू दे, शोभतोय. जुन्या झाकणाला फट होती.

बघितलं. घट्ट बसते. चटणीवर धुळीचा एक कण नाही.